लीला देवाची, लबाडी गारुड्याची

मराठी वाङ्मयविचाराने चमत्काराकडे आजवर दोन दृष्टींनी पाहिले आहे. एक दृष्टी रसिकाची. तिला चमत्कारात अद्भुतरस दिसतो, कल्पनेची भरारी दिसते, बालमनाचा विरंगुळा दिसतो. दुसरी दृष्टी सुधारकाची. तिला त्याच चमत्कारात अज्ञान आणि अंधश्रद्धा दिसते, आणि विज्ञानाचा उजेड पडला की हा काळोख हटेल असा तिचा विश्वास असतो. दोन्ही दृष्टी आपापल्या जागी उपयोगी आहेत. तथापि चमत्कार कोणी केला, कोणाचे सोंग घेऊन केला, त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडला आणि तो आटोपल्यावर गावकुसाबाहेरचा माणूस कुठे उभा राहिला, हे प्रश्न त्यांपैकी एकीनेही नेटाने विचारलेले नाहीत.

आजीची गोष्ट, कीर्तनकाराची पोथी, तंबूतला सिनेमा आणि आता मुलांपुढे दिवसभर चालणारी कार्टूने यांतून जादूचा एक अखंड प्रवाह आपल्या वस्त्यांपर्यंत येऊन पोचलेला आहे. त्याला निव्वळ करमणूक समजून चालणार नाही. जादूच्या गोष्टीत समाजव्यवस्था घटकाभर उलटीपालटी होते. राजा डोंबाघरी राबतो, देव महार होतो, लाकडाची बाहुली बोलू लागते. व्यवस्था उलटते म्हणूनच ती गोष्ट दबलेल्या माणसाला गोड लागते. पण गोष्ट संपताना तीच व्यवस्था पुन्हा जिथल्या तिथे बसवली जाते आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. खरी हातचलाखी ती आहे, आणि प्रस्तुत लेखात मला तिच्याविषयी बोलायचे आहे.

१

उदगीरहून बीदर फार लांब नाही. आज ते कर्नाटकात असले तरी लातूर-नांदेडच्या माणसाला ते कधी परके वाटले नाही. या बीदरच्या दरबारात मराठी लोकमानसाने दोन महार उभे केले आहेत. एक विठू महार आणि दुसरा अमृतनाक.

पहिली कथा सर्वांना ठाऊक आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे बीदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्या लोकांसाठी खुली केली. बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सोडला. तेव्हा पंढरीचा विठ्ठल विठू महार होऊन बीदरला गेला, दरबारात धान्याचे मोल चुकते केले, पावती घेतली आणि नाहीसा झाला. महिपतीने 'भक्तविजय' (१७६२) या ग्रंथात ही कथा सांगितली आणि कीर्तनकारांनी ती गावोगाव नेली.

आमची आजी ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगे. "देवाला बी महारच व्हावं वाटलं," हे तिचे शेवटचे वाक्य असे. अक्षराची ओळख नसलेल्या, जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपणाऱ्या बाईने हा अभिमान जपला, त्याची थट्टा मला करायची नाही. अपमानाच्या रगाड्यात जगायला तिला तेवढा आधार पुरला. परंतु पहिल्यांदाच शिकलेल्या तिच्या नातवाने तीच गोष्ट पुन्हा वाचली पाहिजे.

देवाला महाराचाच वेष का घ्यावा लागला? कारण गावचा वसूल सरकारी खजिन्यापर्यंत सुखरूप पोचवणे हे महाराचेच काम होते. भरलेली थैली घेऊन महार दरबारात आला तर कोणाला नवल वाटत नसे. म्हणजे महाराच्या इमानाची साक्ष खुद्द ही कथाच देते. मात्र त्या कथेत खरा महार कुठेही नाही. पिढ्यान्‌पिढ्या खऱ्या महारांनी हा वसूल वाहिला, त्यांच्यावर पोथी झाली नाही. देवाने एक खेप केली आणि ती अजरामर झाली. चमत्कार आटोपल्यावर दामाजी सुटले, बादशहा थक्क झाला, देव विटेवर परत गेला, आणि महारवाडा होता तिथेच राहिला. ज्या देवाने महाराचे रूप घेतले असे सांगतात त्याच्या पंढरपूरच्या मंदिराचे दार महाराला उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

मंगळवेढ्याचीच दुसरी कथा चोखोबांची. १३३८ मध्ये गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखामेळा इतर मजुरांसह गाडले गेले, असे परंपरा सांगते. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी ओळखल्या, कारण त्यांतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता. त्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वाराशी समाधी बांधली गेली. जे गावकूस त्यांना बाहेर ठेवत होते तेच बांधताना ते मेले, ही या कथेतली भयंकर गोष्ट आहे. चमत्काराने ती झाकून टाकली. जिवंत चोख्याचा आवाज ज्या व्यवस्थेला देवळात चालत नव्हता तिला त्याच्या हाडांचा आवाज गोड लागला. आणि समाधी कुठे, तर दाराशी, बाहेर.

आता अमृतनाकाची कथा पाहा. ही महारांनी आपली आपण जपलेली आहे, आणि ठिकठिकाणी तिचे तपशील बदलतात. बीदरच्या बादशहाच्या राणीला सोडवून परत आणण्याची कामगिरी अमृतनाकावर येते. निघण्यापूर्वी तो एक बंद डबी बादशहाच्या हवाली करतो. कामगिरी फत्ते करून तो राणीला घेऊन येतो आणि अपेक्षेप्रमाणे त्याच्यावर संशय घेतला जातो. तेव्हा तो डबी उघडायला सांगतो. निघण्यापूर्वीच त्याने आपले पुरुषत्व कापून त्या डबीत ठेवलेले असते. खजील झालेला बादशहा हवे ते माग म्हणतो. अमृतनाक स्वतःसाठी काही मागत नाही. तो जातीसाठी बावन्न हक्क मागून घेतो.

या कथेत कोणताही देव येत नाही. डबी ही युक्ती आहे, आणि ती युक्ती करण्याची गरज का पडली हे कथा स्पष्ट सांगते. आपल्यावर संशय येणारच हे महाराला आधीपासून ठाऊक आहे. निर्दोषपणाचा पुरावा त्याला स्वतःच्या देहातून कापून द्यावा लागतो. विठू महाराला पावती फुकट मिळते, अमृतनाकाला ती रक्ताने विकत घ्यावी लागते. आणि मिळाले काय? बावन्न हक्कांत भाकर मागण्याचा हक्क आला, मेलेल्या जनावराचा हक्क आला, मढ्यावरच्या कापडाचा हक्क आला. गुलामीलाच हक्क हे नाव मिळाले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले तेव्हा त्यांना या बावन्न हक्कांच्या मोहिनीशीही झगडावे लागले. आपल्याच लोकांच्या मनावरची ती जादू होती. म्हणून अमृतनाकाची कथाही आपण डोळे मिटून डोक्यावर घेऊ नये. पण तिच्यात महार स्वतः आहे, आणि त्याची किंमत काय ते ती लपवत नाही, एवढा तिचा मोठेपणा मान्य केला पाहिजे.

या दोन कथांशेजारी बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) ही कथा ठेवावी. तिचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो. तिथे सवर्णाच्या घरात जागा मिळावी म्हणून जात लपवतो. जात उघडी पडते आणि त्याला मरेस्तोवर मार पडतो. शीर्षकातला 'चोरली' हा शब्द बागुलांनी किती नेमका योजला आहे! देवाने महाराचा वेष घेतला तर ती लीला होते. महाराने आपली जात नुसती झाकली तर ती चोरी होते. वरून खाली येण्याच्या सोंगाला पोथीत जागा आहे. खालून वर जाण्याच्या सोंगाला लाथा आहेत. वेषांतराची मुभा कोणाला, या प्रश्नाचे उत्तर या तीन कथा मिळून देतात.

२

मढ्यावरच्या कापडाचा उल्लेख आला म्हणून स्मशानाकडे वळू. भारतीय चित्रपटाची गोष्टच स्मशानापासून सुरू होते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रेक्षकांसमोर आला. विश्वामित्राच्या कसोटीपायी हरिश्चंद्राचे राज्य जाते, बायको आणि मुलगा विकावे लागतात, शेवटी राजा स्वतःला विकतो आणि स्मशान राखू लागतो, ही मूळ कथा. हरिश्चंद्राने डोंबाघरी पाणी भरले हे आपल्याकडे दैवाच्या फेऱ्याचे उदाहरण म्हणून सांगतात. राजाने डोंबाघरी राबणे ही दुर्दैवाची परिसीमा. मग जो डोंब रोज तिथेच राबतो त्याचे काय? त्याच्यासाठी या कथेत हळहळ नाही, कारण त्याची ती जागाच आहे असे कथेने गृहीत धरले आहे.

शेवटी देव प्रकट होतात, मेलेला मुलगा उठतो, राज्य परत मिळते. मार्कंडेय पुराणात तर यापुढची गंमत आहे. ज्या चांडाळाने राजाला विकत घेतले तो चांडाळ नव्हताच, साक्षात धर्म तो वेष घेऊन आला होता, असा उलगडा तिथे होतो. विठू महारासारखाच हा प्रकार. कथेत एक चांडाळ होता, तोही अखेरीस सोंग निघाला. पुराणाच्या रंगमंचावर अस्पृश्याला प्रवेश आहे, पण तो दुसऱ्या कोणाचा तरी मुखवटा म्हणून. चमत्काराचा क्षण आला की मुखवटा गळतो आणि त्याच्याबरोबर अस्पृश्यही गळतो. मग स्मशान कोण राखते? पुराणकाराला हा प्रश्न पडलेला नाही.

तो प्रश्न अण्णा भाऊ साठ्यांना पडला. 'स्मशानातील सोनं' या त्यांच्या कथेतला भीमा वारणेकाठचे गाव सोडून पोटासाठी मुंबईला येतो. उपनगरात खाणीवर काम मिळते, मग खाण बंद पडते. एके दिवशी स्मशानातल्या राखेत त्याला सोने सापडते, आणि तो मढ्यांची राख चाळू लागतो. पुढे पुरलेली मढीही उकरू लागतो. भूतपिशाच्चाची त्याला भीती वाटत नाही, कारण भुकेपुढे भूत टिकत नाही. एका रात्री तो कोल्ह्यांशी झुंजून एक प्रेत ताब्यात घेतो. त्याच्या तोंडात सोने शोधताना जबडा मिटतो आणि बोटे अडकतात. भीमा बोटे गमावतो. आणि मग कळते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली आहे.

मराठी समीक्षेने या कथेचे कौतुक केले ते तिच्यातल्या भीषण वातावरणासाठी. तिचे खरे सामर्थ्य आणखी खोल आहे. हरिश्चंद्राच्या स्मशानाला अण्णा भाऊंनी दिलेले हे उत्तर आहे, असे मी मानतो. तिथेही रात्र आहे, प्रेत आहे, आणि मढ्यावर जगणारा माणूस आहे. फक्त देव येत नाहीत. मेलेला माणूस उठत नाही, त्याचा जबडा तेवढा मिटतो. हरिश्चंद्राला स्मशानाने राज्य परत दिले, भीमाची बोटे ठेवून घेतली. ज्याच्याकडे आधी राज्य होते त्याच्यासाठीच चमत्कार असतो, हे एवढ्या थोड्या शब्दांत मराठीत दुसऱ्या कोणी सांगितलेले मला माहीत नाही.

३

फाळक्यांचे नाव आले आहे तर त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट नोंदवायला हवी. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी जादूची विद्या शिकून घेतली होती. आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते जादूचे प्रयोग करीत. पडद्यावर देव प्रकट होणे, माणूस अदृश्य होणे ही चित्रपटातली किमया याच हातांतून आली. इतकेच नव्हे तर चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक लघुपटही त्यांनी काढला. म्हणजे आपली युक्ती लोकांसमोर उघडी करण्याचा मोकळेपणा या माणसापाशी होता. ही कामगिरी मोठी आहे, तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

आता नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात, मार्गशीर्षात भरणाऱ्या माळेगावच्या यात्रेकडे या. खंडोबाची ही यात्रा घोडे-गाढवांच्या बाजारासाठी आणि भटक्या जमातींच्या मेळाव्यासाठी मराठवाड्यात आणि बाहेरही प्रसिद्ध आहे. अशा यात्रांतून आणि गावच्या पारांवर गारुड्याने पिढ्यान्‌पिढ्या खेळ मांडला. कोयीपासून घडीभरात आंब्याचे रोप उगवले, पोराला टोपलीत झाकून नाहीसे केले, तोंडातून दगडाचे गोळे काढले. त्याच्याजवळ पडदा नव्हता, दिवे नव्हते, प्रेक्षक चारी बाजूंनी वेढून बसलेले. विद्येच्या कसोटीने पाहिले तर त्याचे काम रंगमंचावरच्या कोणत्याही प्रोफेसरापेक्षा अवघड होते.

पण त्याला प्रोफेसर कोणी म्हटले नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला त्यांत मांग गारुडीही होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का पुसायचा राहिला. आज महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत मांग-मातंगांच्या नोंदीतच मदारी आणि गारुडी ही नावे आहेत, आणि मांग गारुडी ही त्याखालची स्वतंत्र नोंद आहे. एकच हातचलाखी. एका हाताने केली तर ती कला ठरली, दुसऱ्या हाताने केली तर पोलीस ठाण्यात हजेरी लागली. प्रभाकर मांडे यांनी 'गावगाड्याबाहेर' या ग्रंथात मराठवाड्यातल्या भटक्यांच्या जीवनाची नोंद घेतली. पण आमच्या कलासमीक्षेने गारुड्याला कलावंतांच्या पंगतीत अजून पान वाढलेले नाही.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. गारुडी खेळ संपवताना पोटावर हात मारतो. ही सारी नजरबंदी पोटासाठी आहे, हे तो भर गर्दीत बोलून दाखवतो आणि मग थाळी फिरवतो. उलट, हवेतून अंगारा काढणारा बुवा आपली युक्ती कधी कबूल करतो काय? गारुडी फसवतो आणि फसवले म्हणून सांगतो. बुवा फसवतो आणि त्याला कृपा म्हणतो. भाषेत मात्र 'गारुड' हा शब्द फसवणुकीसाठी रूढ झाला आणि 'लीला' हा शब्द पूजेत जाऊन बसला. आपण शिकवतो ती भाषा अशी जातीच्या हिशेबाने शब्द वाटून घेते, हे मराठीच्या शिक्षकांनी तरी ध्यानात ठेवावे.

४

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. २०१३ हे एकच वर्ष घ्या. जूनमध्ये महेश कोठारे यांचा 'झपाटलेला २' प्रदर्शित झाला. २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. वर्षानुवर्षे रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम म्हणून आला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळात संमत झाला. त्याच वर्षी नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' महोत्सवांत दाखवला गेला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये चित्रपटगृहांत आला. हा निव्वळ योगायोग. पण या योगायोगाने जादूची चार रूपे एका ओळीत उभी केली.

मूळ 'झपाटलेला' १९९३ चा. दूरदर्शनवर आणि व्हिडिओवर तो न पाहिलेले मराठी घर विरळा. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू हा गुंड बाबा चमत्काराकडून मंत्र मिळवतो, मरताना आपला जीव बाहुल्यात घालतो, आणि मग लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याच्या मागे लागतो. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला खरोखर अप्रतिम आहे. कल्पना 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकन चित्रपटावरून सुचलेली. त्या चित्रपटात खुन्याला तो मंत्र एका काळ्या माणसाकडून मिळतो. तिथेही काळी विद्या काळ्याच्याच घरी, हे योगायोगाने घडत नाही. आपल्या खेड्यांत करणीचा संशय आधी मांगवाड्यावर जातो, त्यातलाच हा प्रकार. मराठी चित्रपटाने मंत्राचा विनोद केला आणि आम्ही पोरे पोट धरून हसलो. त्या हसण्यात गैर काही नव्हते. पण मंत्र तिथे लागू पडतो. जादू चालते, या गृहीतावरच तो सगळा विनोद उभा आहे.

'फँड्री'मध्ये जादू चालत नाही. कैकाडी समाजातला जब्या शाळकरी मुलगा आहे. वर्गातल्या शालूवर त्याचा जीव जडला आहे. काळ्या चिमणीला जाळून तिची राख मुलीवर टाकली की ती वश होते असे त्याच्या मनाने घेतले आहे. ती चिमणी शोधत तो रानोमाळ हिंडतो. वर्गात या चित्रपटावर बोलताना मी विद्यार्थ्यांना विचारतो, जब्याला अंधश्रद्धाळू म्हणायचे काय? बहुतेक मुले गप्प बसतात, कारण उत्तर सोपे नाही. ज्या गावात शालूशी सरळ बोलण्याची एकही वाट त्याला मोकळी नाही, तिथे राख ही त्याची एकमेव वाट आहे. त्याची जादू त्याच्या अज्ञानातून आलेली नाही. ती गावाने बंद केलेल्या दारांतून आली आहे. ती राख शालूच्या अंगावर कधी पडत नाही. उलट सगळ्या गावादेखत, शालूदेखत, त्याला बापाबरोबर डुक्कर पकडावे लागते. पकडलेले डुक्कर वाहून नेताना मागच्या भिंतीवर फुले, सावित्रीबाई, आंबेडकर, गाडगेबाबा यांची चित्रे दिसतात. आणि अखेरीस जब्या चिमणीचा नाद सोडून दगड उचलतो. चिमणीपासून दगडापर्यंतचा हा प्रवास म्हणजे आपल्या चळवळीचाच प्रवास आहे.

मुलांची कार्टूने या हिशेबात लहान वाटतील, पण ती रोजची आहेत. 'छोटा भीम' हे हैदराबादेत तयार होणारे कार्टून २००८ पासून चालू झाले. लाडू खाल्ला की भीमाच्या अंगी बळ येते. ढोलकपूरच्या राजाचे सिंहासन कोणत्याही भागात हलत नाही, आणि गोऱ्या भीमाशी सतत हरणाऱ्या दांडगट मुलाचे नाव कालिया. आमच्या वस्तीत 'भीम' हे नाव ज्या अर्थाने घेतले जाते तो अर्थ, आणि लाडू खाणारा हा भीम, दोन्ही एकाच मुलाच्या तोंडी एकाच दिवशी येतात. कार्टून बंद करा असे मी म्हणणार नाही. बंदीने काही साधत नाही. मुलाशेजारी बसून एक प्रश्न मात्र विचारता येतो : हरणाऱ्याचेच नाव कालिया का?

राहिला कायदा. त्यासाठी एका माणसाने प्राण दिले आणि तो व्हायलाच हवा होता. नरबळी, करणी, भानामतीच्या नावाने चालणारे अत्याचार यांना सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आहे. पण त्याच कायद्याने काही गोष्टी वगळल्या आहेत. यात्रा, कीर्तन, प्रवचन वगळले आहे, आणि होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणे, त्यांचा प्रसार करणे हेही वगळले आहे. विधिमंडळातून कायदा पार पाडायचा तर एवढी तडजोड करावी लागली असेल. तथापि तिचा अर्थ स्पष्ट आहे. झाडाखाली बसणारा जिवंत भगत कायद्याच्या कक्षेत येतो आणि विठू महाराची कथा येत नाही. ती यावी अशी मागणी मी करणार नाही. कथेला पोलीस लावून कधी भले झालेले नाही. कथेशी झुंजणे हे समीक्षेचे काम आहे, आणि कायदा जिथे थांबतो तिथून ते सुरू होते.

५

या कामाला आपल्याकडे परंपरा नाही असे मात्र कोणी समजू नये. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. गर्भवती बाईला ग्रहांची भीती घालून एक जोशी कुणबी जोडप्याला कसा लुबाडतो, हे त्याचे कथानक. नाटकातला विदूषक जोश्याची प्रत्येक युक्ती प्रेक्षकांसमोर उलगडत जातो. शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेत जायला निघते. दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारले नाही आणि ते छापून यायला १९७९ साल उजाडले. सव्वाशे वर्षे एक नाटक नाहीसे करणे, ही जादू कोणाची ते वेगळे सांगायला नको. फुल्यांचा विदूषक आणि पोटावर हात मारणारा गारुडी हे माझ्या मते सख्खे भाऊ आहेत. दोघेही युक्ती जाणतात आणि ती युक्ती आहे हे बोलून दाखवतात. सत्यशोधकी जलशांनी आणि पुढे भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात नवा आशय भरला, तो याच सोंगाड्याच्या जोरावर.

त्याहून मागे गेले तर बुद्ध आहे. दीघनिकायातल्या केवट्ट सुत्तात केवट्ट नावाचा गृहस्थ बुद्धाला विनवतो की एखाद्या भिक्खूला चमत्कार दाखवायला सांगा, म्हणजे नालंदेच्या लोकांची श्रद्धा वाढेल. बुद्ध ते नाकारतो. अशा चमत्कारात त्याला धोका दिसतो. न मानणारा माणूस त्याला एखादी मांत्रिक विद्या म्हणेल, असे तो सांगतो. शिकवण हाच त्याच्या मते श्रेष्ठ चमत्कार. विनयपिटकात पिंडोल भारद्वाजाची कथा आहे. बांबूच्या टोकावर टांगलेले चंदनाचे पात्र त्याने आकाशात उडून आणले, लोकांनी जयघोष केला, आणि बुद्धाने त्याची कानउघाडणी केली. पात्र फोडून त्याचा भुगा करायला लावला आणि भिक्खूंना लोकांसमोर असे प्रदर्शन करण्याची बंदी घातली. ही कथासुद्धा चमत्कार मानूनच चालते. तरी चमत्कारानंतर काय व्हावे याचे तिचे उत्तर पाहा. वाहवा मिळवणारे पात्र फुटते आणि संघ सगळ्यांना सारखाच राहतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी दैवी शक्तीवरचा विश्वास धम्मात बसत नाही असे स्पष्ट केले, ते याच वाटेने पुढे जाऊन.

आपले अनेक कार्यकर्ते आणि शिक्षक शाळा-वसतिगृहांतून चमत्कारांचे प्रयोग करून दाखवतात. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा दडवून पाणी शिंपडले की नारळ पेटतो. समिधांवर पोटॅशियम परमँगनेट ठेवून तुपाच्या नावाने ग्लिसरीन ओतले की होम आपोआप पेट घेतो. हे प्रयोग चालूच राहिले पाहिजेत. पण पेटलेला नारळ विझल्यावर मुलांना घरी पाठवू नये. आग कशी लागली हे सांगून झाले की ती कोणासाठी लावली जाते हा दुसरा प्रश्न तिथेच मांडावा. मग विठू महाराची गोष्ट सांगावी, तिच्याशेजारी बागुलांची कथा वाचावी. हरिश्चंद्र सांगावा आणि भीमाची तुटलेली बोटे दाखवावीत. लोकसाहित्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी माळेगावच्या यात्रेत जाऊन गारुड्याची विद्या त्याच्याच तोंडून लिहून घ्यावी, आणि त्या वहीवर कलावंत म्हणून त्याचे नाव घालावे. आपापल्या आज्यांकडून अमृतनाकाचे जितके पाठ मिळतील तितके आताच गोळा करावेत, कारण त्या फार दिवस राहणार नाहीत.

गोष्टी सांगणे आपण थांबवणार नाही. अद्भुत आपल्यालाही हवे आहे, त्याच्यावर कोणाची मक्तेदारी नाही. फक्त यापुढे गोष्ट संपली की टाळी वाजवण्यापूर्वी आपण एकदा मागे वळून पाहू, आणि आपला माणूस कुठे उभा राहिला आहे ते शोधू.